पोचले, पण वाचले का?

निरोप पोचणे, निरोप वाचणे आणि निरोपाप्रमाणे वागणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र पुष्कळदा त्यांना एकच समजतो. कोणता निरोप 'वाचलेला' मानायचा आणि कोणता 'वाचायचा आहे' असे मानायचे, याचा हिशेब माणसे पूर्वी कसा ठेवीत आणि आज यंत्रे तो कसा ठेवतात, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.



तुमच्या शाळेच्या दाराजवळ एक सूचनाफलक असेल. त्यावर टाचणीने कागद लावलेले असतात. परीक्षेचे वेळापत्रक, सुट्टीची सूचना, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख. रोज शेकडो मुले या फलकावरून जातात. सगळ्यांना फलक दिसतो. पण त्यांतील किती जण थांबून कागद वाचतात? हे फलकाला कधीच कळत नाही.

म्हणून शाळेत दुसरीही एक सोय असते. मुख्याध्यापकांनी लिहिलेली सूचना घेऊन शिपाईमामा वर्गावर्गात येतात. बाई किंवा सर ती सूचना मोठ्याने वाचून दाखवतात आणि वहीत सही करतात. कोणत्या वर्गात सूचना वाचली गेली आणि कोणत्या वर्गात अजून बाकी आहे, हे त्या सह्यांवरून लगेच समजते. फलक नुसते सांगतो. वही सांगते आणि 'ऐकले ना?' असे विचारतेही.

हा फरक लहान वाटतो, पण तो फार जुना आहे. त्याचे पहिले उदाहरण आपल्या घराजवळच सापडते.

सोपाऱ्याचा दगड

नालासोपाऱ्याजवळचे सोपारा हे प्राचीन काळी मोठे बंदर होते. इ.स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे एका शिलालेखाचा तुकडा सापडला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता. पुढे १९५६ मध्ये नवव्या लेखाचाही तुकडा याच परिसरात मिळाला. हे लेख इ.स. पूर्व तिसऱ्या शतकातील आहेत. त्यांची लिपी ब्राह्मी आहे. बंदरावर येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांना राजाचे म्हणणे कळावे म्हणून ते दगडावर कोरले होते. म्हणजे हा आपल्या तालुक्यातील फार जुना सूचनाफलकच म्हणायचा!

पण त्या काळी वाचता येणारी माणसे थोडी होती. मग दगडावर कोरलेले लोकांना कळणार कसे? अशोकाला ही अडचण ठाऊक होती. ओडिशातील धौली आणि जौगड येथे त्याचे जे लेख आहेत, त्यांत यासाठी एक खास आज्ञा आहे. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना ऐकवावा, मधल्या दिवसांतही ऐकवावा आणि ऐकायला एकच माणूस असला तरीही ऐकवावा, असे त्यात सांगितले आहे.

राजाने आपले काम दगड कोरून संपले असे मानले नाही. एकेका माणसाच्या कानापर्यंत निरोप गेला पाहिजे, असे त्याने ठरवले. निरोप पाठवणाऱ्याची जबाबदारी ती हीच.

वसईची पत्रे

आता निरोप घेणाऱ्याकडे वळू.

१७३७ ते १७३९ या काळात वसईच्या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात मोठी मोहीम झाली. चिमाजी अप्पा तिचे प्रमुख होते. मे १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. मोहिमेच्या काळात छावणी आणि पुणे यांच्यामध्ये सतत पत्रे जात-येत असत. ती पत्रे नेणाऱ्या माणसांना जासूद किंवा कासीद म्हणत. 'कासिद' हा शब्द तुम्हांला उर्दू गझलेतून माहीत आहेच. मराठी दप्तरातला कासीद तोच. फक्त त्याच्या हातात प्रेमपत्राऐवजी दारूगोळ्याचा आणि धान्याचा हिशेब असे! पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापले गेले. त्यामुळे अशी पुष्कळ पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात.

त्या काळच्या पत्रव्यवहारात एक चांगली रीत होती. पत्र हाती आले की कारकून त्यावर ते आल्याची तारीख नोंदवी. या नोंदीला 'पैवस्ती' म्हणत. फारसीतून आलेला हा शब्द तुमच्या 'पैवस्त' या शब्दाचा भाऊ आहे. पत्र येऊन मिळाले, असा त्याचा अर्थ. तारखाही तुमच्या ओळखीच्या असत. मोहरम, सफर, रबिलावल, साबान, रमजान हे महिने पेशव्यांच्या कागदांत सर्रास दिसतात. सालसुद्धा अरबी संख्याशब्दांत लिहीत. 'तिसा सलासीन मया व अलफ' म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार. बेरीज करा. ११३९ हा आकडा येतो. हे शुहूर सन आहे. हे वर्ष जून महिन्याच्या सुमारास सुरू होई. ११३९ चे वर्ष इ.स. १७३८ च्या जूनच्या सुमारास सुरू झाले आणि १७३९ मध्ये संपले. वसईचा किल्ला पडला तो याच वर्षाच्या शेवटी.

पत्र लिहिल्याची तारीख पत्रात असेच. मग आल्याची तारीख वेगळी कशाला लिहायची? कारण मधले दिवस महत्त्वाचे असतात. समजा, छावणीतून 'दारू संपत आली' असे पत्र निघाले. ते वाटेत असतानाच पुण्याहून दारू रवाना झाली. आता पत्र पोचल्यावर आणखी दारू पाठवायची की नाही? पत्र कधी लिहिले आणि कधी पोचले हे दोन्ही ठाऊक असेल, तरच योग्य निर्णय घेता येतो. पैवस्तीची एक ओळ हे काम करी.

पण पैवस्तीलाही मर्यादा होती. पत्र दप्तरात आले, एवढेच ती सांगे. धन्याने ते वाचले का, समजून घेतले का, हे ती सांगू शकत नसे. पुढे टपालखात्याच्या पोचपावतीचेही असेच झाले. रजिस्टर पत्राबरोबर जोडलेली पावती सही होऊन पाठवणाऱ्याकडे परत येई. (२०२५ मध्ये टपालखात्याने रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात मिळवून टाकली.) त्या सहीने पाकीट हातात पडल्याचे सिद्ध होई. पाकीट फोडल्याचे मात्र सिद्ध होत नसे.

संगणकावरचा फलक

आता आपण संगणकाच्या काळात येऊ.

जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात फार मोठा बर्फ पडला. लोक घरात अडकून पडले. तेथे संगणकाची आवड असणाऱ्यांचे एक मंडळ होते. मंडळाच्या भिंतीवर बुचाच्या लाकडाचा फलक होता आणि सभासद त्यावर टाचणीने चिठ्ठ्या लावीत. वॉर्ड ख्रिस्तेनसेन आणि रँडी सुएस या दोन सभासदांच्या मनात आले, हाच फलक संगणकात ठेवला तर? मग घरबसल्या दूरध्वनीवरून चिठ्ठी लावता येईल आणि वाचताही येईल. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांचा फलक सुरू झाला. त्याला एकच दूरध्वनी जोडलेला होता. त्यामुळे एका वेळी एकच माणूस फलक पाहू शके. त्याने दूरध्वनी ठेवला की दुसऱ्याचा नंबर लागे.

असे फलक पुढे जगभर निघाले. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. पण त्याच्या आधीपासूनच काही हौशी लोक दूरध्वनी आणि मोडेम वापरून असे फलक चालवीत होते. मुंबईत सुचित नंदा यांचा 'लाइव्ह वायर' हा फलक त्या काळी प्रसिद्ध होता.

या फलकांवर एक नवा प्रश्न उभा राहिला. भिंतीवरच्या फलकाकडे पाहिले की नवा कागद डोळ्यांना लगेच ओळखू येतो. संगणकावर शेकडो निरोप एकाखाली एक साठलेले असतात. दूरध्वनीचे बिल चालू असते आणि रांगेत दुसरी माणसे थांबलेली असतात. अशा वेळी कालचेच निरोप पुन्हा वाचत बसणे परवडणार नाही. मग 'मी कुठपर्यंत वाचले?' हे यंत्राने लक्षात ठेवायला हवे. ते कसे ठेवणार?

यासाठी दोन रीती निघाल्या. दोन्ही तुम्हांला वर्गातल्या उदाहरणांनी समजतील.

खूण आणि हजेरी

पहिली रीत पुस्तकात ठेवलेल्या खुणेसारखी. तुम्ही चाळीसाव्या पानापर्यंत वाचले आणि तेथे मोराचे पीस ठेवले. उद्या एकेचाळिसाव्या पानापासून पुढे! फलकावरील प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो. प्रत्येक वाचकासाठी यंत्र फक्त एक आकडा लक्षात ठेवते. त्याने वाचलेला सर्वांत पुढचा क्रमांक. आकडा ४० असेल तर ४१ पासूनचे सगळे निरोप नवे. ही रीत सोपी आहे आणि तिला जागाही फार थोडी लागते.

पण तिच्यात एक मोठा दोष आहे. समजा, फलकावर ५० निरोप आहेत. तुम्ही काल ४० पर्यंत वाचले. आज तुम्हांला पन्नासाव्या निरोपाचे शीर्षक दिसले, 'परीक्षेची तारीख बदलली'. तुम्ही घाईने आधी तोच उघडला. झाले! खूण एकदम ५० वर गेली. आता यंत्र म्हणणार, तुमचे सगळे वाचून झाले. मधले ४१ ते ४९ हे नऊ निरोप पुसले गेलेले नाहीत. ते फलकावर आहेतच. पण ते 'नवे' म्हणून तुमच्यापुढे कधीच येणार नाहीत. न वाचताच त्यांच्यावर 'वाचले' असा शिक्का बसला.

दुसरी रीत हजेरीपत्रकासारखी. वर्गात बाई शेवटच्या मुलाचे नाव घेऊन 'सगळे हजर' असे लिहीत नाहीत. एकेका नावापुढे खूण करतात. तसेच येथे एकेका निरोपापुढे 'वाचला' किंवा 'बाकी' असे लिहायचे. यात चूक होत नाही. पण जागा फार लागते. निरोप १००० आणि वाचक १०० असतील, तर एक लाख खुणा ठेवाव्या लागतील. जुन्या संगणकांना एवढे ओझे जड होते.

यावर एक हुशारीची युक्ती निघाली. १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी 'यूजनेट' नावाच्या जाळ्याची कल्पना मांडली. १९८० मध्ये ते सुरू झाले. अनेक संगणकांवर पसरलेला तो एक प्रचंड फलकच होता. तेथील वाचकाच्या यादीत वाचलेल्या निरोपांचे क्रमांक गटागटाने लिहिले जात. सलग क्रमांक असतील तर फक्त पहिला आणि शेवटचा आकडा. वरच्या उदाहरणातला वाचक आपल्या यादीत एवढेच लिहील :

१-४०, ५०

बघा, किती थोडक्यात काम झाले! ४१ ते ४९ निरोप यादीत नाहीत, म्हणजे ते बाकी आहेत. खुणेची काटकसर आणि हजेरीचा खरेपणा दोन्ही साधले.

या यादीची आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ती फलकाजवळ नसे. ती वाचकाच्या स्वतःच्या खात्यात, त्याच्या स्वतःच्या फायलीत असे. वाचकाला ती उघडून पाहता येई, दुरुस्तही करता येई. वाचलेला निरोप पुन्हा 'बाकी' करायचा असेल तर त्याचा क्रमांक यादीतून काढायचा, एवढेच. दुसऱ्या संगणकावर बसले आणि ही फाइल तेथे नसली, तर सगळे निरोप पुन्हा नवे दिसत. म्हणजे निरोप सर्वांचे होते, पण वाचल्याचा हिशेब ज्याचा त्याचा होता. तो दुसरा कोणी ठेवू शकत नाही, हे या युक्तीतून आपल्याला शिकायचे आहे.

खिशातला फलक

आज बहुतेक घरांत मोबाइल आहे. शाळेचे, क्लासचे, मोहल्ल्याचे निरोप त्यावरच येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप निघाला की एक खूण उमटते. तो समोरच्या फोनवर पोचला की दोन खुणा दिसतात. उघडला गेला की त्या निळ्या होतात. ही निळी खूण नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. गटात निरोप पाठवला असेल, तर गटातील सगळ्यांनी उघडल्याशिवाय खुणा निळ्या होत नाहीत.

आता जरा विचार करा. निळी खूण नेमके काय सांगते? निरोप पडद्यावर उघडला, एवढेच. तो कोणी उघडला हेही ती सांगत नाही.

आपल्याकडे एक फोन पुष्कळदा चार जणांचा असतो. समजा, घरात एकच फोन आहे. तो दिवसभर अब्बांबरोबर असतो. अब्बा पहाटेच्या लोकलने नालासोपाऱ्याहून कामाला जातात आणि रात्री परत येतात. दुपारी शाळेचा निरोप येतो, 'शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उद्या उत्पन्नाचा दाखला घेऊन या. उद्या शेवटचा दिवस.' अब्बा घरी येतात. धाकटा भाऊ खेळ खेळण्यासाठी फोन हातात घेतो. त्याचे बोट निरोपावर पडते, निरोप उघडतो, आणि तो लगेच बंद करून खेळू लागतो. नंतर आपा फोन पाहते. नव्या निरोपांचा आकडा नाही. तिला वाटते, आज काही आले नाही. तिकडे शाळेत सरांना निळ्या खुणा दिसतात. त्यांना वाटते, घरी कळले. दोघांचीही समजूत यंत्रानेच करून दिली आहे, आणि दोघांचीही चुकीची आहे. दुसऱ्या दिवशी दाखला जात नाही. अर्ज राहतो. वर्षभराच्या पुस्तकांची आणि फीची मदत हातची जाते.

यात खोटे कोणी बोलले नाही. धाकट्याने निरोप लपवला नाही. फक्त 'उघडले' आणि 'वाचले' यांच्यात घोटाळा झाला.

दुसरा घोटाळा निरोप बदलल्यामुळे होतो. हवामानखात्याच्या इशाऱ्यांचे रंग तुम्हांला माहीत असतील. हिरवा म्हणजे धोका नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे ताबडतोब कृती करा. वसई, अर्नाळा, नायगाव येथील मच्छीमारांसाठी आणि रोज लोकलने जाणाऱ्यांसाठी हे रंग फार महत्त्वाचे आहेत. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पट्ट्यात रुळांवर इतके पाणी साचले की लोकल गाड्या बंद पडल्या. अशा दिवसांत सकाळी पिवळा असलेला इशारा दुपारी लाल होऊ शकतो. सकाळचा इशारा वाचून 'मी वाचले आहे' असे समजून बसणारा माणूस दुपारी धोक्यात सापडतो. तुम्ही वाचला तो सकाळचा निरोप. दुपारचे हवामान नव्हे. म्हणून शहाणा पाठवणारा जुन्याच निरोपात गुपचूप दुरुस्ती करीत नाही. तो नवा निरोप पाठवतो. मग तो वाचणाऱ्यापुढे पुन्हा 'बाकी' म्हणून उभा राहतो.

येथे भाषेचीही एक गंमत पाहा. उर्दूत 'इशारा' म्हणजे खूण, संकेत. मराठीत मात्र 'इशारा' म्हणजे धोक्याची आगाऊ सूचना. शब्द एकच, पण मराठीत त्याचे वजन वाढले आहे. 'समुद्रात न जाण्याचा इशारा' असे वाचले, तर कोणीतरी नुसती खूण केली असे समजू नका! निरोपाची अक्षरे वाचली पण अर्थ चुकला, तर तेही वाचणे अपुरेच.

आपला हिशेब आपणच ठेवू

मग आपण काय करावे?

निरोप उघडलाच आहे तर शेवटपर्यंत वाचा. काय करायचे, कधी करायचे आणि कोठे करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच तो वाचला असे माना. निरोप घरातील दुसऱ्या कोणाचा असेल, तर तो त्या माणसाला दाखवल्याशिवाय किंवा वाचून दाखवल्याशिवाय फोन खाली ठेवू नका. सोपाऱ्याच्या दगडाच्या काळापासून वाचता येणाऱ्याचे हे कामच आहे. तुमच्या घरात तुम्ही मराठी चांगली वाचत असाल, तर आजी-आजोबांना आलेली मराठीतली सूचना हा तुमच्यावर सोपवलेला निरोप आहे.

निरोप वाचला, पण काम व्हायचे आहे, अशा वेळी त्याला पुन्हा 'न वाचलेला' अशी खूण करा. फोनमध्ये ती सोय असते. तुम्ही अशी खूण केली तरी पाठवणाऱ्याला दिसणाऱ्या निळ्या खुणा तशाच राहतात. म्हणजे यात कोणाची फसवणूक नाही. ही खूण आपल्या स्वतःसाठी असते. 'हे काम बाकी आहे' असे ती रोज आठवण करून देते.

'सगळे वाचले' असे करण्याचीही सोय असते. एका बोटाने शेकडो निरोपांचा आकडा नाहीसा होतो आणि मनाला हलके वाटते. ही सोय वाईट नाही. सुट्टीवरून परत आल्यावर जुने सुप्रभात आणि शिळ्या बातम्या एकेक करून उघडण्यात अर्थ नसतो. पण आधी शीर्षके आणि पाठवणाऱ्यांची नावे एकदा नजरेखालून घाला. शाळा, दवाखाना, बँक, नगरपालिका यांचे निरोप बाजूला काढा. मगच बाकीच्यांना निरोप द्या! सगळ्या मुलांपुढे डोळे मिटून हजर लिहिले तर हजेरीपत्रक सुंदर दिसते, पण वर्ग रिकामाच असतो.

निरोप पाठवताना वाचणाऱ्याची सोय पाहा. एका निरोपात एकच काम सांगा. तारीख सुरुवातीला लिहा. काम महत्त्वाचे असेल तर 'वाचून होकार कळवा' असे लिहा. निळ्या खुणेला होकार समजू नका. निळी खूण दिसूनही उत्तर आले नाही, म्हणून मित्रावर लगेच रुसूही नका. कदाचित त्याचा फोन त्याच्या धाकट्या भावाच्या हातात असेल!

यंत्र आपल्यासाठी पुष्कळ गोष्टी लक्षात ठेवते. किती निरोप आले, कधी आले, कधी उघडले, हे ते चोख सांगते. पण ते आपल्या डोळ्यांमागे पाहू शकत नाही. उघडल्याची नोंद यंत्र करील. वाचल्याची सही मात्र आपली आपणच करायची आहे, आणि ती खरी असली पाहिजे.

शब्दार्थ

निरोप – पैगाम; पोचपावती – वस्तू पोचल्याची रसीद; पैवस्ती – पत्र आल्याची नोंद; जासूद – पत्र नेणारा माणूस; मोहीम – लढाईसाठी केलेली स्वारी; दारू (येथे) – तोफा-बंदुकांची बारूद; दाखला – प्रमाणपत्र (उर्दूत 'दाखिला' म्हणजे शाळेत प्रवेश); चोख – अचूक; रुसणे – रागावून अबोला धरणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सोपारा येथे अशोकाच्या कोणत्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला?
(आ) पत्र आल्याच्या नोंदीला पेशवाईत काय म्हणत?
(इ) शिकागोच्या फलकावर एका वेळी एकच माणूस निरोप का पाहू शके?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खुणेच्या रीतीत कोणता दोष आहे?
(आ) पत्र लिहिल्याची आणि पत्र आल्याची अशा दोन्ही तारखा का हव्यात?
(इ) पाठातील आपा आणि सर यांची समजूत कशी चुकली?

प्र. ३. फलकावर एकूण ५० निरोप आहेत. वाचकाच्या यादीत '१-४०, ४३, ४७-५०' असे लिहिले आहे. किती निरोप वाचायचे बाकी आहेत? त्यांचे क्रमांक लिहा.

प्र. ४. पुढील शब्दांचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ लिहून प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा : इशारा, दाखला, राजीनामा, शिकस्त.

उपक्रम : तुमच्या घरी या आठवड्यात आलेल्या मराठी सूचना वहीत उतरवा. प्रत्येकीपुढे 'आली', 'वाचली', 'घरी सांगितली' आणि 'काम झाले' असे चार रकाने आखा. आठवड्याच्या शेवटी कोणते रकाने रिकामे राहिले ते पाहा आणि वर्गात चर्चा करा.